जामीन झाला, जामीनदार कुठून आणायचा?

मंगळवार, १ जुलै २०२५

नवे फौजदारी कायदे लागू झाले त्याला आज वर्ष झालं. छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवर सकाळपासून पाऊस होता. बाररूममध्ये ओल्या छत्र्या टेकवलेल्या आणि सगळीकडे एकच विषय, जामीन. अर्धे म्हणतात कायदा ढिला आहे, आरोपी आत गेला तसा बाहेर येतो. उरलेले म्हणतात, एकदा आत गेलेला गरीब बाहेर येतच नाही. मला दोन्ही खरं वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कोणी विचारत नाही.

दुपारी रांजणगाव शेणपुंजीच्या मुलाचा, माझ्या अशिलाचा, जामीन झाला. वय वीस. मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर. मोटारसायकल चोरल्याचा आरोप, न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. एप्रिलमध्ये अटक झाली. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला तेव्हापासून हर्सूलच्या तुरुंगात आहे. चार्जशीट दाखल झालं, पोलिसांना त्याच्याकडून आणखी काही काढायचं उरलं नाही, म्हणून बेल झाली: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

आई पहाटेच्या एसटीने आली होती. ‘झाला ना, ताई?’ झाला म्हटलं, पण सोडवायला जामीनदार लागेल, मावशी. तिने पिशवीतून दिराचा सातबारा काढला. सेनगाव तालुक्यातली दोन एकर जिरायत. कागद प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. तो ज्या टेबलावर दाखवला तिथे सांगितलं, बाहेरच्या जिल्ह्यातला चालत नाही, इथला माणूस आणा, ऐपतीचा दाखला आणा. या शहरात तिच्या ओळखीचं माणूस एकच, आणि ते हर्सूलच्या तुरुंगात आहे.

आवारात पिंपळाखाली एक जण बसलेला असतो. मांडीवर प्लास्टिकची फाइल, आत लॅमिनेट केलेलं रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या. तो मावशींकडे पाहून म्हणाला, ‘कितीचा आहे?’ पंधरा म्हटल्यावर त्याने आपला दर सांगितला. मी मावशींना दंडाला धरून तिथून बाजूला घेतलं.

रात्री मोतीरामचा निकाल पुन्हा काढून वाचला. १९७८. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर संतापले होते, ते पानापानावर दिसतं. त्याला सत्तेचाळीस वर्षं होत आली. सेनगावचा सातबारा अजून चालत नाही.

शुक्रवार, ४ जुलै

आज मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्या खंडपीठाने परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. डिसेंबरमध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या दंगलीत पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा. आई विजयाबाई याचिका घेऊन इथे आल्या आणि प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली.

संध्याकाळी जालना रोडवरून घरी येताना डोक्यात तेच चाललं होतं. दोषी ठरण्याआधीची कोठडी आपण फार सहज बोलून जातो. ‘राहू दे ना आत थोडे दिवस, अक्कल येईल.’ शिकलेली, भली माणसं असं म्हणतात. सोमनाथ आत थोडेच दिवस होता.

रविवार, ६ जुलै

आषाढी. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला सकाळपासून दिंड्या, रस्ता बंद. मावशी गावी गेल्याच नाहीत. मुलाच्या खोलीवरच्या पोरांनी त्यांना ठेवून घेतलंय. फोनवर म्हणाल्या, दर्शन झालं, रांग लई मोठी होती.

सुट्टी होती म्हणून घटना समितीतली चर्चा वाचत बसले. अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार’ एवढंच आलं. संसद कसलाही कायदा करील आणि माणसाला डांबील, ही भीती अनेक सभासदांनी बोलून दाखवली होती. त्यावर १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी नवा अनुच्छेद मांडला, तेव्हाचा १५-अ, आजचा २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. अनुच्छेद २१ मुळे जे निसटलं त्यातलं थोडं तरी भरून निघावं, अशी त्यांची धडपड होती. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेलाही जागा ठेवली आहे, हे मात्र आपण सोयीने विसरतो. एमपीडीएखाली, म्हणजे १९८१ च्या झोपडपट्टीदादा कायद्याखाली, एक वर्षापर्यंत माणूस आत ठेवता येतो. तिथे खटला नाही, म्हणून जामीनही नाही. तेव्हा ‘आपल्याकडे कडक कायदेच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावं: एमपीडीए, मोक्का, एनडीपीएस, यूएपीए, पीएमएलए आणि वर तडीपारी.

मंगळवार, ८ जुलै

अर्ज दिला. आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश जोडले. जामीन झाला की आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ई-मेलने जावी. सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी सैल करायचा विचार करावा. आणि स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट नको. इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे.

केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजनाही आहे, २०२३ ची. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत. पण आदेशात रोख रक्कम नसेल, जामीनदारच मागितला असेल, तर ते पैसे भरायचे कुठे? म्हणून माझी मागणी एवढीच होती की जामीनदाराऐवजी रोख रकमेवर सोडा.

सरकारी वकिलांचं म्हणणं आलं: आरोपी परजिल्ह्यातला, पळून जाईल. मी म्हटलं, साहेब, पळून जायला तो आला नव्हता, कामाला आला होता. कंत्राटदाराचं पत्र दिलं, खोलीमालकाचं दिलं, आईचं आधार दिलं. न्यायाधीशांनी शांतपणे वाचलं. पाच हजार रोख, जामीनदारासाठी महिनाभराची मुदत, आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी.

पाच हजार खोलीवरच्या पोरांनी उभे केले. पाचशेच्या चार नोटा, बाकी शंभर-दोनशेच्या.

आर्यन खानची गोष्ट आठवली. ऑक्टोबर २०२१. एक लाखाचा जामीन आणि जामीनदार म्हणून जुही चावला स्वतः कोर्टात आली. तरी कागद वेळेत आर्थर रोड तुरुंगाच्या पेटीत पडला नाही म्हणून आणखी एक रात्र आत गेली. देशभर हळहळ झाली, आणि ती रास्तच होती. पुढे मे २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध पुरावाच नाही असं तपास यंत्रणेने सांगितलं. हिंगोलीच्या पोरासाठी कोण येणार होतं?

शुक्रवार, ११ जुलै

राज्याचं जनसुरक्षा विधेयक काल विधानसभेत मंजूर झालं, आज विधान परिषदेतही. गुन्हे अजामीनपात्र, शिक्षा दोन ते सात वर्षं. याच अधिवेशनात मोक्क्याची दुरुस्तीही झाली, अमली पदार्थांचे गुन्हे आता मोक्क्यात बसणार.

मोक्क्यात बसणं म्हणजे काय, हे ज्युनिअरला समजावून सांगत होते. कलम २१(४). आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटली तरच जामीन. म्हणजे साक्षीपुरावा व्हायच्या आधीच निर्दोषत्व दाखवायचं. चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येत मोक्का लागला तेव्हा मराठवाड्यात बहुतेकांना दिलासा वाटला. मलाही वाटला. सरपंचाचे हालहाल करून मारणारी टोळी साक्षीदारांच्या गावात मोकळी फिरता कामा नये. मोक्का अशाच टोळ्यांसाठी १९९९ मध्ये आणला होता. पण आता गल्लीतल्या प्रत्येक गुन्ह्याला ‘मोक्का लावा’ ही मागणी झाली आहे.

संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या ताई आल्या. त्यांच्या मुलावर मार्चमध्ये एकाने ब्लेडने वार केले होते, गालापासून हनुवटीपर्यंत. वार करणारा बटन खाल्लेला होता. या शहरात बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या, स्ट्रिपने विकल्या जाणाऱ्या. तो पाच आठवड्यांत जामिनावर सुटला. आदेशात लिहिलंय, या भागात यायचं नाही. रोज संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या पानटपरीला उभा असतो. मुलगा क्लासला जायचा बंद झालाय.

ताई म्हणाल्या, ‘तुम्ही त्यांच्याच बाजूने उभ्या राहता ना? त्याचा हक्क आहे म्हणता. माझ्या पोराचा कुठं लिहिलाय?’

लिहिलेला आहे, ताई. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८३(३), अट मोडली तर जामीन रद्द करून पुन्हा अटक करता येते. जामिनाच्या टप्प्यावर पीडिताचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, हे लखीमपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलंय. साक्षीदारांना संरक्षण देणारा २०१७ चा कायदा महाराष्ट्रात आहे. पण मार्चपासून आजपर्यंत यातलं एकही वाक्य त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. टपरीवर उभ्या असलेल्या त्या हल्लेखोराचे फोटो तारखेसकट काढून ठेवायला सांगितलं. अर्ज मी लिहिणार.

त्या गेल्यावर बराच वेळ सुचेना. त्यांचा प्रश्न टाळून जामिनाबद्दल बोलणारा माणूस खोटं बोलतो, मग तो कितीही उदारमतवादी असो. त्यांना तो मुलगा पाच वर्षं आत नको आहे. त्यांना तो त्या कोपऱ्यावर नको आहे. आदेशातली अट पाळली जाते का, हे पाहणारं कोणी नाही. कायदा कितीही कडक केला तरी ते काम कोणीतरी रोज जाऊन करावंच लागेल.

शनिवार, १९ जुलै

विद्यार्थ्यांच्या परिसंवादाला गेले होते. विषय: खटल्यापूर्वीच्या सुटकेचे नियम अधिक कडक व्हावेत का. मुलं फार तयारीने आली होती.

एका मुलीने न्यूयॉर्कच्या कॅलिफ ब्राउडरची गोष्ट सांगितली. सोळाव्या वर्षी बॅग चोरल्याच्या आरोपावरून अटक, तीन हजार डॉलरचा जामीन भरता आला नाही, रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं. खटला चाललाच नाही, आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. लगेच दुसरा उभा राहिला: त्याच न्यूयॉर्कने २०२० मध्ये जामीन सोपा केला आणि लोकांचा रेटा आल्यावर पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करून मागे घेत नेला, ते का सांगत नाहीस? चांगला मुद्दा. मग इलिनॉय आलं. १८ सप्टेंबर २०२३ पासून तिथे जामिनासाठी पैसा घेणंच बंद. माणूस धोकादायक आहे असं सरकारी पक्षाला वाटत असेल तर त्याने तसं मागायचं, सुनावणी व्हायची आणि न्यायाधीशांनी कारण देऊन ठरवायचं. मला ही वाट आवडते. धोका उघडपणे तपासा. खिसा तपासू नका.

पुण्याच्या पोर्शे अपघाताचा विषय निघणारच होता. मे २०२४, दोन तरुण अभियंते गेले आणि अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन, अट काय तर तीनशे शब्दांचा निबंध. एक मुलगा तळमळून म्हणाला, ‘मॅडम, म्हणूनच कायदा कडक पाहिजे.’ मी त्याला विचारलं, कायदा कडक झाला असता तर त्या घरचा वकील स्वस्त झाला असता का? कडक कायद्यातून वाट काढायला मोठे वकील लागतात, खंडपीठापर्यंत, दिल्लीपर्यंत जावं लागतं. तिथवर जाणारा तिथेही जातो. सेनगावची बाई पिंपळाखालीच अडकते.

माझं म्हणणं मी असं मांडलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतले तीन. तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसं. एवढे लोक कायदा ढिला असल्यामुळे आत नाहीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम चांगलं आहे: पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर सोडायचं, अधीक्षकांनी स्वतः अर्ज करायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. पण पोटकलम २ वाचा. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. एका पारधी पोरावर चार ठाण्यांत चार गुन्हे असणं किती सोपं आहे, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यातली नजर तेवढी बदललेली नाही.

खटला लवकर संपणं, हे मी सगळ्यांत वर ठेवलं. ब्लेड मारणाऱ्याचा खटला सहा महिन्यांत निकाली निघाला तर जामिनाचा वाद उरतोच किती? तो का निघत नाही, तर रासायनिक विश्लेषणाचा (सी. ए.) रिपोर्ट आलेला नसतो, पंच आलेले नसतात, तपासी अधिकारी बदलून गेलेला असतो, आरोपीला आणायला गार्ड मिळालेला नसतो, न्यायाधीशांची जागा रिकामी असते. यांतलं काहीही विधेयक मांडून सुटत नाही. पैसा आणि माणसं लागतात. विधेयक मात्र एका दिवसात होतं.

टाळ्या कमी पडल्या. कडक बोलणाऱ्याला जास्त मिळाल्या. पण नंतर चार-पाच मुलं थांबली आणि स्थानिक जामीनदाराबद्दल विचारत राहिली. त्यांना मोतीरामचा निकाल वाचायला सांगितला.

सोमवार, २१ जुलै

मुंबई उच्च न्यायालयाने ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले बाराही जण निर्दोष सोडले. त्यांतल्या पाच जणांना फाशी झाली होती. अटक २००६, आज २०२५. एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच गेला, त्याची निर्दोष सुटका त्याच्या माघारी झाली. मोक्क्याखालचे कबुलीजबाब न्यायालयाने मानले नाहीत.

१८९ माणसं गेली होती त्या संध्याकाळी. त्यांच्या घरच्यांनी आज काय करायचं? एकोणीस वर्षं त्यांना सांगितलं गेलं, गुन्हेगार आत आहेत. जामिनाची दारं इतकी घट्ट लावलेली असली की तपास करणाऱ्यालाही घाई राहत नाही. पुरावा कच्चा असला तरी माणूस आत आहेच, लोक शांत आहेतच. कडक जामिनाची ही बाजू मला सर्वांत जास्त खुपते. आरोपीचं नुकसान दिसतं तरी. फिर्यादीचं दिसतही नाही.

औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणही मे २००६ चंच. तेही मोक्क्यात चाललं. जुलै २०१६ मध्ये निकाल लागला, बारा जण दोषी ठरले, काही सुटले, आणि मोक्का मात्र कोणावरच टिकला नाही. शिक्षा झाली ती इतर कायद्यांखाली. मग त्या दहा वर्षांत मोक्क्याने नेमकं काय साधलं? दोषींना शिक्षा त्याच्याशिवायही झालीच.

गुरुवार, २४ जुलै

सर्वोच्च न्यायालयाने सोमवारच्या ७/११ च्या निकालाला स्थगिती दिली. तो इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. अंतिम काय ते पुढे होईल.

शिलाईवाल्या ताईंच्या अर्जावर आज नोटीस निघाली. ठाण्यातून दोन जण येऊन टपरीवाल्याचा जबाब घेऊन गेले.

गुरुवार, ३१ जुलै

मालेगाव २००८ च्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल. सातही आरोपी निर्दोष. सहा जण गेले होते भिकू चौकातल्या त्या स्फोटात, रमजानचा महिना होता. मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्या, असं न्यायालयाने सांगितलं. हाही खटला आधी मोक्क्यात होता. एका महिन्यात दोन निकाल, दोन्हीकडे मेलेली माणसं खरी, आणि कोणी मारलं ते आपल्याकडे सिद्ध झालेलं नाही. आज जे एका निकालावर पेढे वाटतात आणि दुसऱ्यावर रडतात, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मला दोन्हीकडच्या मृतांची नावं एका कागदावर लिहून विधिमंडळातल्या प्रत्येक टेबलावर ठेवावीशी वाटतात.

कालच सर्वोच्च न्यायालयाने सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात खंडपीठाचा आदेश कायम ठेवला. गुन्हा नोंदवावाच लागेल.

हिंगोलीच्या पोराला सोडताना दिलेली महिन्याची मुदत ८ ऑगस्टला संपते. कंत्राटदाराचा सुपरवायझर जामीनदार व्हायला तयार झालाय, घर बजाजनगरला, घरपट्टी त्याच्याच नावावर. उद्या त्याला ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला पाठवायचं. आणि सेनगावचा सातबारा तसाच अर्जाला जोडून एकदा विचारायचं, हा का नाही, ते कारण देऊन लिहून द्या. कारण लिहून मिळालं की वर जाता येतं.